ओतानीचे ७० कोटी, स्कीन्सची सहा वर्षं आणि पिट्सबर्गचं रडगाणं

पुण्याहून तीन वर्षांपूर्वी पिट्सबर्गला आलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगा पाचवीत, पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघातल्या पॉल स्कीन्स या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) भक्त. वर्ल्ड सीरिज (मोसमाची अंतिम लढत) संपली की मैदानं ओस पडतात, पण फेब्रुवारीपर्यंत घरात रोज नवा आकडा कानावर येतो: अमक्याला ७० कोटी डॉलर, तमक्याच्या बदल्यात नावही न ऐकलेली चार पोरं. त्यांना तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इथे आयपीएलसारखा सरळ लिलाव का नाही? लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओतानीचे ७० कोटी खरे की कागदी? आणि पिट्सबर्ग आपला प्रत्येक चांगला खेळाडू विकतं म्हणतात, मग स्कीन्सही जाणार का?

मी न्यू जर्सीत खेळाडूंच्या एका एजंटच्या कचेरीत सतरा वर्षं काढली. स्वतः एजंट नव्हतो. करार वाचायचे, तुलनेचे आकडे जुळवायचे, लवादासाठी फायली बांधायच्या, हे माझं काम. त्यामुळे उत्तर लांबेल आणि मध्ये लवादापाशी मी जरा जास्त रेंगाळेन. सवयीचा दोष.

आधी लिलाव. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लागली तेव्हा प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची होती आणि सगळा माल दोन दिवसांत एकाच मंडपात मांडलेला होता. बेसबॉलमध्ये थैली ठरलेली नाही, मंडप नाही, आणि खेळाडूला कुणी मांडत नाही. तो मोकळा झाला की आपण होऊन बाजारात उतरतो, तीसपैकी कुठल्याही संघाशी बोलतो, पटलं नाही तर घरी बसतो. हा मोकळेपणा त्याला सहजासहजी मिळालेला नाही.

मराठवाड्यात पाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं, तुम्ही ऐकलं असेल. साल संपलं आणि पटलं नाही तर गडी दुसरा वाडा बघायचा. १९७५ पर्यंत बेसबॉलपटूला तेवढीही सोय नव्हती. करारात एक कलम असे: खेळाडूने नव्याने सही केली नाही तर क्लब जुना करार आणखी एक वर्ष वाढवू शकतो. क्लबांनी त्याचा अर्थ असा लावला की वाढवलेल्या करारातही तेच कलम आहे, म्हणजे तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा. साल कधी संपायचंच नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा मोसम तिथे खेळलेला, क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लोव्ह किताब मिळवलेला माणूस. त्याने कमिशनरला पत्र लिहून कळवलं की माझ्या मर्जीविरुद्ध खरेदी-विक्री करायला मी वस्तू नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९७२ मध्ये फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, आणि तोवर त्याचा खेळही संपला होता. मग अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरनी १९७५ च्या करारावर सहीच केली नाही. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झना लगेच काढून टाकलं, पण निकाल कोर्टात टिकला.

तुमच्या लिलावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर यानंतरच्या काही महिन्यांत आहे. ऑकलंडचा मालक चार्ली फिन्ली बाकीच्या मालकांना सांगत होता की सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. लोक त्याला चक्रम समजायचे. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्विन मिलर मात्र मनातून नेमकं यालाच घाबरत होता. सगळा कांदा एकाच दिवशी मार्केट यार्डात आला की भावाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून १९७६ च्या करारात संघटनेने स्वतःहून मान्य केलं की सहा वर्षं सेवा झाल्यावरच खेळाडू मोकळा होईल. मालकांना वाटलं आपण सहा वर्षं वाचवली. प्रत्यक्षात दर हिवाळ्यात बाजारात थोडाच माल येऊ लागला आणि गिऱ्हाईकं तीस. (तेव्हा चोवीस होती.) आयपीएलच्या मेगा लिलावात राखून ठेवलेले मोजके सोडले तर सगळेच एकदम मोकळे होतात, तिथे फिन्लीचं म्हणणं खरं झालंय असं मला नेहमी वाटतं.

या सहा वर्षांभोवतीच सगळा हिवाळा फिरतो. बातमी वाचताना डॉलरचा आकडा नंतर बघा; आधी बघा खेळाडूची किती वर्षं शिल्लक आहेत.

पहिली तीन वर्षं क्लब देईल तो पगार. किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होतं, २०२६ साठी ७ लाख ८० हजार, आणि बहुतेकांना याच्या आसपासच मिळतं. पुढची तीन वर्षं पगार लवादाने ठरतो. मग मोकळीक. वर्ष म्हणजे मुख्य संघाबरोबर १७२ दिवस. मोसम साधारण १८७ दिवसांचा असतो. या पंधरा दिवसांच्या फरकाने काय होतं त्याचं शाळेत शिकवावं असं उदाहरण शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट. २०१५ च्या सराव सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, तरी क्लबने त्याला खाली मायनर लीगमध्ये पाठवलं. कारण दिलं की क्षेत्ररक्षण सुधारायला हवं. १७ एप्रिलला वर बोलावलं. मोसम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने वर्ष हुकलं आणि मोकळीक २०२० ऐवजी २०२१ नंतर आली. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली.

ब्रायंटची आठवण ताजी होती म्हणून २०२२ च्या करारात नवं कलम आलं: वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळणार, दिवस कितीही भरोत. तुमच्या मुलाच्या स्कीन्सला याचाच फायदा झाला. तो ११ मे २०२४ ला पहिल्यांदा खेळला, म्हणजे १७२ दिवस भरणं शक्यच नव्हतं. पण नवोदिताचा किताब जिंकला आणि वर्ष पदरात पडलं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता लवाद. जानेवारीत खेळाडू एक आकडा लिहून देतो, क्लब दुसरा. तडजोड झाली नाही तर तीन लवादांपुढे सुनावणी, आणि त्यांनी दोनपैकी एकच आकडा उचलायचा. मधला मार्ग बंद. दोन्ही बाजूंना मांडणीला एक-एक तास, खोडून काढायला अर्धा-अर्धा तास. खेळाडूची कामगिरी, दुखापती, त्याच्याएवढी सेवा झालेल्यांचे पगार हे सांगता येतं. क्लब श्रीमंत आहे की गरीब आणि वर्तमानपत्रात काय आलं हे बोलायची मनाई. त्यामुळे सगळी लढाई दोन आकड्यांच्या मध्यबिंदूवर होते. आपला माणूस मध्यबिंदूपेक्षा एक डॉलर जास्त लायकीचा आहे एवढंच सिद्ध करायचं.

माझ्या पहिल्या सुनावणीत मी तुलनेला घेतलेल्या एका पिचरचा करार दोन वर्षांचा होता. एका वर्षाच्या पगाराशी त्याची तुलना चालत नाही, हे समोरच्या वकिलाने पहिल्या दहा मिनिटांत दाखवून दिलं. आम्ही हरलो. खेळाडू काही बोलला नाही, लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण त्याहून वाईट काय असतं तर खोलीत खेळाडू स्वतः बसलेला असतो, आणि ज्या क्लबसाठी तो उद्या पिचिंग करणार त्याच क्लबचा वकील त्याचे दोष वाचून दाखवतो. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स घ्या. २०२१ चा साय यंग विजेता, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम पिचर. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने १ कोटी साडेसात लाख डॉलर मागितले, क्लबने १ कोटी १० हजार म्हटलं. फरक ७ लाख ४० हजारांचा, क्लबच्या हिशेबात किरकोळ. क्लब जिंकला. बर्न्सने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की संघ प्लेऑफला गेला नाही त्याचं खापर माझ्यावर फोडलं, आणि संबंध दुखावलेत. वर्षभराने मिलवॉकीने त्याला बाल्टिमोरला दिलं, तेव्हा त्याचा एकच मोसम उरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने अॅरिझोनाशी सहा वर्षांचा २१ कोटी डॉलरचा करार केला. आणि पहिल्याच मोसमात, जून २०२५ मध्ये, त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पैसे मात्र पूर्ण मिळणार, कारण बेसबॉलचा करार हमीचा असतो. स्टीफन स्ट्रासबर्गने २०१९ ची वर्ल्ड सीरिज गाजवून वॉशिंग्टनशी २४.५ कोटींचा सात वर्षांचा करार केला आणि त्यानंतर जेमतेम आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला. पिचरला लांब करार देताना जनरल मॅनेजरच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

ट्रेडचं गणित आता सोपं वाटेल. आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये करारात तसं लिहून घेतलेलं नसेल तर त्याला फोन येतो तो ट्रेड झाल्यावर. दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात असतील तरच नकाराधिकार मिळतो, आणि तो हक्क मागत होता कर्ट फ्लड. क्लब एकमेकांना देतात ती खेळाडूची उरलेली वर्षं. तुम्ही ज्यांना ‘नावही न ऐकलेली पोरं’ म्हणता त्यांची किंमत हीच, की त्यांची सहाच्या सहा वर्षं शिल्लक असतात.

हुआन सोतोचा प्रवास बघा. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला १५ वर्षांचे ४४ कोटी देऊ केले, तो नाही म्हणाला. क्लबने ओळखलं की हा २०२४ नंतर जाणार. ऑगस्ट २०२२ मध्ये, अडीच मोसम शिल्लक असताना, त्याला आणि जॉश बेलला सॅन डिएगोला देऊन सहा खेळाडू घेतले. त्या सहांतले सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर आणि जेम्स वूड पुढे ऑल-स्टार झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोने त्याला यांकीजना दिलं, तेव्हा एकच मोसम उरला होता, तरी मायकेल किंगसह पाच जण मिळाले. यांकीज त्याच्या जोरावर २०२४ च्या वर्ल्ड सीरिजपर्यंत गेले आणि हरले. मग सोतो मोकळा झाला आणि न्यूयॉर्कमध्येच ब्राँक्समधून क्वीन्समध्ये, मेट्सकडे गेला: १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. लोक हसले की यांकीजनी पाच खेळाडू घालवून एका वर्षाचं भाडं भरलं. मला तसं वाटत नाही. त्यांना वर्ल्ड सीरिज खेळायची होती, ती खेळले. आवळा देऊन कोहळा कुणी काढला असेल तर वॉशिंग्टनने, पण त्यांनाही ४४ कोटी नाकारले जाईपर्यंत ते सुचलं नव्हतं.

एक ट्रेड तर खेळाडूंच्या संघटनेने मोडला होता. अॅलेक्स रॉड्रिगेझने २००० मध्ये टेक्ससशी दहा वर्षांचे २५.२ कोटी ठरवले होते. २००३ च्या डिसेंबरात बॉस्टनला जाण्यासाठी तो रकमेत कपात घ्यायला स्वतः तयार होता, पण संघटना म्हणाली, एकाने कपात घेतली की उद्या सगळ्यांकडे मागतील. दोन महिन्यांत यांकीजनी त्याला उचललं. बॉस्टनची माणसं हे अजून विसरलेली नाहीत. आणि ट्रेडच्या बातमीत कधी ‘नाव नंतर ठरवायचा खेळाडू’ असं वाचलंत तर हसू नका. १९९६ मध्ये सिअॅटलने मिनेसोटाला असाच एक नंतर नाव ठरवलेला पोरगा दिला, तो डेव्हिड ऑर्टिझ. उलट १९६२ मध्ये क्लीव्हलंडने हॅरी चिटी नावाचा कॅचर मेट्सना दिला, बदल्यात नंतर नाव ठरवायचा खेळाडू घ्यायचा होता, आणि शेवटी मेट्सनी चिटीलाच परत पाठवलं.

ओतानीकडे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने डॉजर्सशी दहा वर्षांचे ७० कोटी ठरवले. त्याच्या आदल्या दिवशी अख्खं बेसबॉल एका खासगी विमानाचा मार्ग इंटरनेटवर बघत बसलं होतं, की ओतानी टोरँटोला निघाला. विमानातून उतरला एक कॅनडियन उद्योजक. मी पण बघत होतो, खोटं कशाला बोलू. तर ७० कोटींपैकी ६८ कोटी उधार आहेत. २०२४ ते २०३३ तो वर्षाला फक्त २० लाख घेतो, आणि २०३४ ते २०४३ दरसाल ६ कोटी ८० लाख, बिनव्याजी. बिनव्याजी हा शब्द महत्त्वाचा. दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढली की करार साधारण ४६ कोटींचा होतो, आणि लीगने कराच्या हिशेबात (हा कर काय ते पुढे येतंच) तो तसाच धरला आहे: वर्षाला सुमारे ४.६ कोटी. सोतोच्या करारात उधारी नाही, तो ५.१ कोटींना पडतो. म्हणजे ७० कोटी कागदी नाहीत, खरेच मिळणार आहेत. पण त्या आकड्याला आजचा पगार समजू नका.

उधारी नेहमी क्लबच्या फायद्याची असते असंही नाही. मेट्सना २००० मध्ये बॉबी बोनियाला ५९ लाख देऊन मोकळं करायचं होतं. त्यांनी ते ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. आता २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजार डॉलर जातात, एकूण जवळपास ३ कोटी. मेट्सच्या तेव्हाच्या मालकांचा पैसा बर्नी मॅडॉफकडे होता आणि तिथे याहून जास्त सुटेल असा त्यांचा अंदाज. मॅडॉफ पुढे महाठग निघाला, हे जगाला माहीत आहे.

उधारीमागचं कारण लक्झरी टॅक्स. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही, पण एक रेघ आहे: २०२५ मध्ये २४.१ कोटी डॉलर. संघाचे एकूण पगार तिच्या वर गेले की कर लागतो, लागोपाठ तिसऱ्या वर्षी ५० टक्के, आणि रेघेच्या ६ कोटी वर गेलात तर अधिभार धरून १०० टक्क्यांच्याही पुढे. म्हणजे शेवटच्या डॉलरला दुसरा डॉलर सरकारला नव्हे तर लीगला. २०२४ मध्ये डॉजर्सनी एवढा कर भरला, सुमारे १०.३ कोटी, की त्यात एखाद्या छोट्या संघाचे सगळे पगार निघावेत. करारातली रक्कम वर्षांनी भागून या हिशेबात धरतात, म्हणून क्लब वर्षं वाढवत बसतात. सॅन डिएगोने झँडर बोगार्ट्सला तिशीत ११ वर्षं दिली ती तो चाळिशीपर्यंत धावेल म्हणून नाही. भागाकार लहान व्हावा म्हणून.

जपानचं प्रकरण वेगळं, थोडक्यात सांगतो. तिथल्या खेळाडूला क्लबने मुदतीआधी सोडलं तर अमेरिकन संघाने जुन्या क्लबला वेगळे पैसे द्यायचे: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५, उरलेल्यावर १५. पिचर योशिनोबू यामामोतोच्या ३२.५ कोटींवर हा हिशेब मांडलात तर ५ कोटींवर जातो. पण पंचविशीच्या आत आलात तर नवशिक्यांचे नियम लागतात, म्हणून रोकी सासाकीने जानेवारी २०२५ मध्ये सही केली ती ६५ लाखांवर. दोघंही डॉजर्सकडेच गेले, हे वेगळं सांगायला नको.

आणि ‘करार ठरला’ अशी बातमी आली तरी वैद्यकीय तपासणी होईपर्यंत पेढे वाटू नका. कार्लोस कोरेयाचे डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षांचे ३५ कोटी ठरले होते, पत्रकार परिषदेची वेळ ठरली होती. डॉक्टरांना २०१४ च्या शस्त्रक्रियेतली पायातली पट्टी खटकली आणि परिषद रद्द. त्याच रात्री मेट्सच्या मालकाने ३१.५ कोटी कबूल केले, त्यांच्याही डॉक्टरांनी तेच हाड धरलं. जानेवारीत तो मिनेसोटाला परतला, सहा वर्षांच्या २० कोटींवर. महिन्याभरात पंधरा कोटी गेले, एकही सामना न खेळता. जुन्या क्ष-किरणाच्या फिल्मची एवढी किंमत मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात बघितली नाही.

बातम्यांत जे येत नाहीत त्यांच्याबद्दलही दोन ओळी. बाजारात उतरणाऱ्यांतले बहुतेक बत्तीस-चौतीस वर्षांचे, एका वर्षाच्या करारासाठी झुरणारे. २०२३ चा साय यंग विजेता ब्लेक स्नेलसुद्धा मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत बिनकामाचा होता. त्याचा एजंट स्कॉट बोरास थांबण्यासाठी प्रसिद्ध आहे. सोतो, बर्न्स, ब्रायंट, रॉड्रिगेझ, तपासणीच्या वेळचा कोरेया, सगळी त्याचीच कुळं. थांबणं स्नेलला परवडलं, त्याच वर्षाअखेर त्याने १८.२ कोटी घेतले. आमच्या कचेरीतल्या एका डावखुऱ्या पिचरला नाही परवडलं. जानेवारीत आलेला एक बरा प्रस्ताव आम्ही जास्तीच्या आशेने रेटला, फेब्रुवारीत तो संघ दुसऱ्याकडे गेला, आणि त्याने सराव शिबिराचं नुसतं आमंत्रण घेऊन फ्लोरिडा गाठलं. चूक आमची होती. अजूनही फेब्रुवारीत फोन वाजला की तोच असेल असं वाटतं.

आता तुमचं पिट्सबर्ग. रडगाणं जुनं आहे. हाच बोनिया पायरेट्सचा होता, डिसेंबर १९९१ मध्ये मेट्सकडे गेला. वर्षभराने बॅरी बाँड्स गेला सॅन फ्रान्सिस्कोला, ४ कोटी ३७.५ लाखांवर. त्यानंतर पायरेट्स सलग वीस मोसम जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. गेरिट कोल २०११ च्या ड्राफ्टमधला (नवोदितांच्या वार्षिक निवडीतला) पहिला; स्कीन्सही आपल्या वर्षी असाच पहिला. जानेवारी २०१८ मध्ये, दोन वर्षं उरली असताना, ह्यूस्टनला चौघांच्या बदल्यात दिला. २०१९ मध्ये त्याने ३२६ बळी (स्ट्राइकआउट) घेतले आणि यांकीजकडून ३२.४ कोटी. त्या चौघांतला जो मसग्रोव्ह सोडला तर हाती फारसं लागलं नाही, आणि मसग्रोव्हलाही पुढे विकलं.

पैशाची ओढाताण खरी आहे. डॉजर्सचा स्थानिक टीव्हीचा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. पिट्सबर्गमध्ये तेवढी घरंच नाहीत. पण प्रत्येक क्लबच्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका हौदात जातात आणि सारखे वाटले जातात, म्हणजे लॉस एंजेलिसचं थोडं पाणी तुमच्याही नळाला येतं. पायरेट्सच्या इतिहासात १० कोटींच्या वरचा पहिला करार झाला तो २०२३ मध्ये ब्रायन रेनॉल्ड्सचा, १० कोटी ६७.५ लाखांचा, तेव्हा बाकीच्या बाजारात १० कोटी म्हणजे मधल्या फळीचा भाव झाला होता. म्हणून ‘छोटं गाव’ ही सबब मी अर्धीच मान्य करतो. मिलवॉकी पिट्सबर्गहून लहान बाजार आहे. त्यांनीही बर्न्सला विकलं, आणि तरी २०२४ मध्ये गट जिंकला, २०२५ मध्ये ९७ सामने जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले आले. विकण्यात कमीपणा नाही. उशिरा विकणं आणि बदल्यात चुकीची पोरं निवडणं, हा पिट्सबर्गचा रोग.

पिट्सबर्गला पारख कधीच नव्हती असंही म्हणता येत नाही. १९५४ मध्ये डॉजर्सनी मायनर लीगमध्ये लपवून ठेवलेला एक पोर्टोरिकन पोरगा त्यांनी डिसेंबरातल्या ज्या निवडीला रूल ५ म्हणतात, तिच्या तेव्हाच्या रूपातून चार हजार डॉलरला उचलला. रॉबर्टो क्लेमेंटे. आणि २००८ मध्ये भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांशी करार केला तोही पायरेट्सनीच. दोघं मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत, पण तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

स्कीन्सचा हिशेब आता तुम्हीच मांडू शकता. २०२४ चं पूर्ण वर्ष मिळालं, म्हणून सहा वर्षं भरतात २०२९ च्या मोसमाअखेर. २०२६ पर्यंत तो क्लबला जवळपास फुकट, मग तीन वर्षं लवाद, आणि साय यंग जिंकलेल्या पिचरची लवादातली मागणी पायरेट्सना झोंबेल. कोलला दोन वर्षं उरली असताना विकलं होतं. स्कीन्सच्या बाबतीत ती वेळ २०२७ चा डिसेंबर. तोवर दर हिवाळ्यात ‘स्कीन्सची चर्चा’ अशी बातमी येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. एकच पुस्ती जोडतो: मालक आणि खेळाडूंचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. गेल्या खेपेस करार संपल्यावर मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं होतं, म्हणजे सगळे व्यवहार बंद, आणि नव्या करारात वर्षांचे नियम बदलले तर माझी ही तारीख चुकेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलाला स्कीन्सची ३० नंबरची जर्सी घ्यावी का, की पैसे वाया जातील. बिनधास्त घ्या. पोरगा पाचवीत आहे ना? स्कीन्स जायच्या आधी ती त्याला आखूड होईल.